डाव्या गालाची फिर्याद

४ मार्च, मंगळवार

नगरसभेच्या सभागृहात वार्ताहरांच्या बाकावर जो पंखा लटकतो, त्याच्याविरुद्ध मी आज पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता तक्रार नोंदवत आहे. हा पंखा तीन पात्यांचा, रंगाने पिवळट आणि स्वभावाने पक्षपाती आहे. बाकावर आम्ही पाचजण बसतो. चौघांना तो वारा देत नाही. मला एकट्याला देतो, तोही फक्त डाव्या गालावर. सभापतींना चिठ्ठी पाठवली, तर उत्तर आलं की पंखा सर्वांना समान आहे. गेली सत्तावीस वर्षं मी याच सभागृहाच्या बातम्या देतो आहे, पण इतकं धडधडीत असत्य तिथेही क्वचितच ऐकलं असेल.

वारा लागला की गालात वीज पडते. ही उपमा नव्हे. मी वडिलांकडे संस्कृत शिकलेला माणूस आहे, उपमा आणि वस्तुस्थिती यांतला फरक मला कळतो. कानापासून हनुवटीपर्यंत आतून एक तार आहे, ती कुणीतरी झटक्यात ओढतो आणि तीन-चार सेकंदांनी सोडून देतो. मग मी पुन्हा सभ्य गृहस्थासारखा दिसू लागतो.

वाऱ्याने होतं, दाढीच्या पात्याने होतं, पाव चावल्याने होतं. हे सगळं सोडता येईल. पण आता बोलण्यानेही होतं. विशेषतः ओठ मिटून उच्चारायचे जे वर्ण, प-फ-ब-भ-म, ते एकेक वीज घेऊन येतात. आणि माझ्या वाट्याला कोणता विभाग? पाणीपुरवठा.

लोक बातमी लिहितात, मी सांगतो. वडिलांनी लहानपणी हातात पुस्तक दिलंच नाही, तोंडात पाठ दिला. त्यामुळे तोंड उघडल्याशिवाय मला धड वाक्य सुचत नाही. रोज साडेचारला टायपिस्टबाईंच्या टेबलाशी उभा राहून मी बोलतो, त्या टंकतात. या वहीत हाताने लिहितो ते कसं पाय बांधून चालल्यासारखं वाटतं. बोलणं थांबलं की बातमी थांबली, आणि बातमी थांबली तर माझं नेमकं काय उरतं, हे मी अजून मोजलेलं नाही.

घरी येऊन बायकोला पंख्याची हकिकत सांगितली. पुढची खोली हे तिचं शिवणकामाचं दुकान, आणि मी तिथलं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ती कुणाच्या तरी पँटची पट्टी उलटत होती.

"पंख्यावर लेख लिहा," ती म्हणाली.

"लिहीनच."

"त्यात हेही लिहा, की दोन दात काढून झाले तरी जिभेचं वजन तेवढंच आहे."

ओठांत टाचण्या धरून बोलते ही बाई. तरी माझ्यापेक्षा स्पष्ट.

७ मार्च, शुक्रवार

दंतवैद्याने आज तिसरा दात मागितला.

"हा वरचा काढून बघू या."

"बघू या? डॉक्टर, हा दात आहे, खिडकीचा पडदा नव्हे."

तो हसला, मग हातातला आरसा खाली ठेवून म्हणाला, "खरं सांगू का? आधीच्या दोघांतही काही नव्हतं. तुम्ही दुखतंय म्हणालात, मी काढले. हे दाताचं दुखणं नसावं."

आमच्या धंद्यात चूक झाली तर खुलासा सहाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत छापतात. या माणसाने तो माझ्या तोंडावर, म्हणजे अगदी तोंडात बघत केला. मला रागावता आलं नाही. शिरांच्या डॉक्टरांच्या नावाने त्याने चिठ्ठी दिली.

संध्याकाळी मेहुणा आला होता. म्हणाला, "दाजी, सगळेच काढून टाका. कवळी कधी दुखते का?"

"तुझी अक्कल काढली तेव्हा तुला दुखलं होतं का रे?" बायकोने आतून विचारलं.

१० मार्च, सोमवार

वेदना आली की मी वाक्यात थांबतो. टायपिस्टबाई मान वर न करता तिथे स्वल्पविराम टाकतात. एकोणीस वर्षांचा परिचय. त्यांना वाटतं जे ऐकू आलं ते उमटलंच पाहिजे. आज गटाराच्या ठेक्याबद्दलच्या एका वाक्यात अकरा झाले.

संपादक कागद हातात घेऊन बाहेर आले. "काय हो, हल्ली स्वल्पविराम फार पडतात तुमचे?"

"कण्हणं आहे ते," टायपिस्टबाई म्हणाल्या. "छापायचं तर तसंच छापा, नाहीतर माणसाला घरी पाठवा."

संपादक भला माणूस आहे, म्हणून त्याने मला केबिनमध्ये नेऊन, चहा मागवून, मग पुरण्याची भाषा काढली. लिहून देत जा. ते जमत नसेल तर सभा दुसऱ्या कुणाकडे देऊ आणि तुम्ही संदर्भविभागात बसा. संदर्भविभाग म्हणजे तळघर. तिथे जुने अंक आणि जुनी माणसं ठेवतात. वाळवी दोघांत भेद करत नाही.

"ज्या दिवशी माझं तोंड बंद पडेल, त्या दिवशी मला बोला," मी म्हणालो. या एका वाक्यात पाच वेळा ओठ मिटले. पाचही विजा मी चेहरा न हलवता घेतल्या. चहा मात्र कपातच राहिला.

१३ मार्च, गुरुवार

शिरांच्या डॉक्टर म्हणजे एक बुटक्या बाई निघाल्या, हातात रबरी हातोडी. गुडघ्यावर टकटक करून म्हणाल्या, चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं दिसतंय. गोळ्या दिल्या, आठवड्याने बोलावलं.

१५ मार्च

गोळी. झोप. गोळी.

१८ मार्च, मंगळवार

गोळीने वीज अर्ध्यावर आणली आणि मलाही. आज सभेनंतर टायपिस्टबाईंच्या टेबलाशी उभा राहिलो आणि 'ठराव' हा शब्द मिळेना. ज्या शब्दावर सत्तावीस वर्षं पोट भरलं तो! "ते... सगळ्यांनी हात वर करून जे केलं ते," असं मी सांगितलं. टायपिस्टबाईंनी मुकाट्याने 'ठराव' टंकला. त्यांची ही दया मला त्या तारेपेक्षा जास्त झोंबली.

आल्या आल्या ठरवलं, गोळी अर्धी करायची. वेदनेशी मी झुंजेन, ती निदान समोरून येते. ही गोळी पाठीमागून येऊन खिसे कापते. तासाभरात बायकोने पाकीट पकडलं.

"अर्ध्या गोळ्या कुणासाठी राखून ठेवल्यात? पाहुणे यायचेत?"

"मला शब्द हवेत."

"आणि मला तुम्ही हवेत. शब्दांना काय तोटा? घरभर सांडलेत. झाडून झाडून कंबर गेली माझी."

गुरुवारी ती बरोबर येणार आहे म्हणे. माझ्यावर विश्वास नाही.

२० मार्च, गुरुवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

हातोडीवाल्या बाईंनी कापसाचा बोळा आधी उजव्या गालावर फिरवला, मग डाव्या. "दोन्हीकडे सारखं लागतं?"

"उजवीकडे कापूस आहे. डावीकडे कापसाबद्दल कुणीतरी सांगतंय."

त्या हसल्या नाहीत. घशात लाकडी पट्टी घातली. उजवीकडे उमासा आला, डावीकडे काही नाही. खोकताना डोक्याच्या मागे दुखतं का, असं विचारलं. दुखतं, पण मला वाटायचं सगळ्यांनाच दुखतं. मग मागे जाऊन उभ्या राहिल्या. "मान पहिल्यापासून एवढी आखूड?"

"घराण्याची देणगी. वडिलांना तर नव्हतीच म्हणा."

शर्ट काढायला लावला. तो खुर्चीच्या पाठीवर घालताना त्यांचा हात थांबला. "याची कॉलर वाकडी शिवलीय का?"

"शर्ट बरोबर आहे," बायको म्हणाली. "हे वाकडे आहेत."

मला हसू आलं. तिचं पुढे चालूच होतं. डावी बाजू मी पाव इंच उतरवून घेते, बारा वर्षं झाली. कॉलरचा उभा पट्टा आधी दीड इंच असायचा, मग सव्वा, आता एक. मान थोडीथोडी कमीच भरत गेली यांची.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आकडे कुठे आहेत?"

"वहीत. लग्नापासूनचे. सव्वीस वर्षांचे."

"कुणाला कधी सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही." मग म्हणाली, "आमच्या कामात गिऱ्हाइकाला त्याचं व्यंग दाखवायचं नसतं. असं कापायचं, की त्याचं त्यालाही कळू नये."

"फार छान शिवता तुम्ही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणूनच हे कुणाला दिसलं नाही."

मी म्हणालो, "म्हणजे डॉक्टर, इकडे मान माझी बुडत होती आणि तिकडे ही काठ खाली घेत होती!" आम्ही सगळे हसलो. सगळे म्हणजे मी आणि डॉक्टर. बायको माझ्या शर्टाची बटणं लावत होती. एक घर चुकली, उसवून... नव्हे, काढून पुन्हा लावली.

डोक्याचं आणि मानेचं मोठं चित्र काढायला सांगितलंय, त्या नळीसारख्या यंत्रात झोपवून. परतताना बायको सबंध रस्ताभर गप्प होती. आपल्या शर्टाला कुणी वाकडा म्हटलेलं कारागिराला लागतंच. दोन दिवसांत उतरेल.

२४ मार्च, सोमवार

नळीत पाऊण तास. हलायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून मनातल्या मनात 'सह्' धातू चालवला, सोसणे या अर्थाचा. सहे, सहावहे, सहामहे. यंत्र मध्येच ठोठो करून अडवायचं, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. शेवटी यंत्रच दमलं.

बायकोचा राग उतरलेला नाही.

२७ मार्च, गुरुवार

निकाल लागला. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर उंच, मोजकं बोलणारे. प्लॅस्टिकची कवटी उलटी करून त्यांनी तळ दाखवला. माझ्या कवटीचा हा तळ जन्मापासून सपाट आहे. मानेचा वरचा मणका वर्षानुवर्षं त्यात खालून घुसत गेला. त्यामुळे मागच्या भागात जागा कमी पडली, लहान मेंदू खाली घसरला, आणि चेहऱ्याची शीर ताणली गेली. दात बिचारे नाहक गेले.

"काही न केल्यास?" मी विचारलं.

"दुखणं वाढेल. पुढे गिळायला त्रास, चालायला त्रास."

"केल्यास?"

मानेमागून उघडायचं, थोडं हाड काढायचं, मेंदूवरचं आवरण चिरून तिथे ठिगळ लावायचं, म्हणजे जागा होते. वीज बहुधा थांबते. मात्र घशाच्या शिरा तिथूनच जातात. त्यांना धक्का लागला तर आवाज बसतो. महिना, दोन महिने. क्वचित कायमचा.

म्हणजे असं: वेदना ठेवली तर बोलता येत नाही, गोळी घेतली तर शब्द नाहीत, आणि कापून घेतलं तर कदाचित आवाजच नाही. तिन्ही दारांशी एकच पहारेकरी! मी म्हणालो, "कापा. पंख्याला भिऊन मी म्हातारा होणार नाही."

बायकोने एवढंच विचारलं, "ठिगळ ताणून लावता की सैल?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सैल. तिथे जागाच करायची आहे."

"आणि शिवण?"

"सलग, बारीक. आतलं पाणी झिरपता कामा नये."

तिने मान हलवली. जिन्यात मी म्हणालो, "बघ, तुझ्या धंद्यातला निघाला!" ती म्हणाली, "हं." माझा हा विनोद बरा होता. एका 'हं'पेक्षा तरी नक्कीच बरा.

२९ मार्च, शनिवार

सकाळपासून बायको माझे सगळे शर्ट घेऊन बसली आहे. नऊच्या नऊ कॉलर उसवल्या आणि दोन्ही बाजू सारख्या करून परत लावतेय. गिऱ्हाइकांचं काम बाजूला पडलंय. हे कशासाठी, विचारलं तर म्हणे, "असंच. सरळ असलेल्या बऱ्या." हात रिकामे राहिले की तिला करमत नाही, हे मला माहीत आहे.

त्यातला एक घालून ऑफिसात गेलो. टायपिस्टबाई बघतच राहिल्या. "अहो, मान वाकडी कधी झाली तुमची?"

"बारा वर्षांपूर्वी. प्रकाशन आज झालं."

१ एप्रिल, मंगळवार

पाणीपुरवठ्याच्या ठेक्याचा ठराव आज सभेपुढे होता. दोन वर्षं मी त्यामागे आहे: एकाच घरातल्या तीन भावांच्या तीन कंपन्या, आणि एकमेकांविरुद्ध निविदा. हे सांगायला शब्द शाबूत हवे होते, म्हणून दुपारची गोळी घेतली नाही.

साडेचारला टेबलाच्या कडेला धरून उभा राहिलो. चाळीस मिनिटं. पाणीपुरवठा, प्रस्ताव, पाईप, भाऊ, बांधकाम, मंजुरी. ही बातमी जणू माझ्या गालानेच वाकुल्या दाखवायला रचली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला मी मनाई केली नाही. ते बातमीत येत नव्हतं. अर्ध्यावर टायपिस्टबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"थांबायचं का?"

"स्वल्पविराम टाका," मी म्हणालो. "आणि पुढे चला."

तिघा भावांची नावं ओळीने सांगितली. शेवटच्याच्या नावात दोन 'म' होते. तो मनुष्य मी जन्मात विसरणार नाही. "पूर्णविराम," म्हटलं आणि खुर्चीत बसलो. दाराशी संपादक उभे होते, किती वेळ कोण जाणे. कागद घेऊन गेले, परत आले. "पहिलं पान," म्हणाले. "आणि सभा तुमचीच. बरे होऊन या."

घरी जाताना गाल पेटला होता, पण मी अंगात नवरदेव असल्यासारखा चालत होतो. दारातच बायकोला सांगून टाकलं, "दुपारची गोळी चुकवली." पुढचा अर्धा तास ऐकून घ्यायची तयारी ठेवून बसलो. उत्तरंही तयार होती, दोन तर फारच चांगली.

तिने सूप आणलं. "थंड केलंय. नळीने घ्या," म्हणाली आणि आत गेली.

८ एप्रिल, मंगळवार. इस्पितळ.

काल दाखल झालो, उद्या सकाळी शस्त्रक्रिया. न्हाव्याने डोक्याचा मागचा भाग तासला आणि मला आरसा दाखवला. बोललो, पुढचं मैदान गेल्यावर मागचं तेवढं राखलं होतं, तेही सरकारजमा झालं. तो खूप हसला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागदांवर सह्या घेतल्या. त्यातल्या एका परिच्छेदाचं मराठी इतकं वाईट होतं की मी दुरुस्त करून सही केली. बोलताना अजून वीज पडते. पडू दे. उद्यापासून तिचं घर मी पाडतो आहे.

दुपारी मला डुलकी लागलीय असं समजून बायकोने नर्सला विचारलं, "हे पाच वर्षं आधी कळलं असतं तर?"

"तर तेव्हा हीच शस्त्रक्रिया केली असती, बाई."

"पण एवढं ताणलं गेलं नसतं."

नर्स काहीतरी म्हणाली, धीराचंच असणार. बायको "बरं" म्हणाली. ते "बरं" मी ओळखतो. गिऱ्हाईक चुकीचं बोलत असलं आणि वाद घालायचा नसला, की ती तसं म्हणते.

मी डोळे मिटून पडून राहिलो आणि दिवस मोजले. त्या गुरुवारपासून एकोणीस. एकोणीस दिवसांत ती मला एकदाही टाकून बोललेली नाही. मी समजत होतो कारागिराचा राग आहे. बातमीदार म्हणून सत्तावीस वर्षं मिरवलो, आणि घरातली बातमी अशी हुकली. त्या दिवशी दवाखान्यात मी काठ खाली घेण्याचा विनोद केला आणि मोठ्याने हसलो. ती बटणं लावत होती.

आवाज गेला तर मी लिहीन. पाय बांधून चालायला शिकेन. तळघरात जाणार नाही म्हणजे नाही. त्याची मला आता तितकीशी धास्ती नाही. मला काळजी वेगळी आहे. यात तुझी काही चूक नाही, हे तिला सांगायचं राहिलंय. ते लिहून दिलेलं तिला चालणार नाही. घडी करून ठेवून देईल आणि "बरं" म्हणेल. ते तोंडानेच सांगायला हवं, दहा वेळा, ती चिडून "पुरे आता" म्हणेपर्यंत. उद्या दुपारनंतर ते जमेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आहे, खिडकीबाहेर बघत. माझं तोंड अजून माझं आहे. आणि मी तासभर ही वही लिहीत बसलो आहे, कारण बोलायला तोंड उघडलं तर रडू येईल अशी मला भीती वाटते.